मॉरिशसचा ऊस: गळीत आणि गळती

सप्टेंबरातली सकाळ. मॉरिशसच्या उत्तरेकडच्या एका मळ्यात आमचा वीसेक जणांचा अभ्यासगट बांधावर उभा होता. मळ्याच्या अधिकाऱ्याने उभ्या पिकातला एक ऊस बुडातून तोडला, वाढं उडवलं आणि उरलेल्याचे तीन तुकडे केले: बुडखा, मधला आणि शेंड्याकडचा. प्रत्येक तुकडा पिळून थेंबभर रस खिशात मावणाऱ्या एका नळीच्या काचेवर टाकला आणि नळी आमच्या हातात दिली. उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आतल्या पट्टीवर आकडा दिसतो. बुडख्याला २१, मधल्याला २०, शेंड्याला १६.

"अजून दोन-तीन आठवडे," तो म्हणाला.

या आकड्याला ब्रिक्स म्हणतात. शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम घन पदार्थ विरघळलेले आहेत, ते तो सांगतो. पिकलेल्या उसात हे घन पदार्थ म्हणजे बहुतांशी साखरच. ऊस बुडापासून वर पिकत जातो, म्हणून शेंड्याचा आकडा बुडख्याला गाठायला आला की तोडीची वेळ झाली. नळी परत घेताना तो जे बोलला, त्या एकाच खुंटीला पुढचे चार दिवस आम्ही पाहिलेलं सगळं टांगता येतं. "साखर इथे शेतात तयार होऊन उभी आहे. कारखाना एक दाणाही बनवत नाही. त्याचं काम एवढंच, की जहाजापर्यंत जाताना ती कमीत कमी सांडावी."

आता ही साखर उसात येते कुठून, ते आधी पाहू. पानं उन्हाच्या जोरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांकडून आलेलं पाणी वापरून साखर बनवतात. हे सगळीच झाडं करतात, पण कडक उन्हात आणि उकाड्यात हे काम उसाइतकं झपाट्याने करणारी पिकं थोडी. पाऊसपाणी भरपूर असेल तोवर ऊस ही कमाई वाढण्यात उडवतो: नवी पानं, नवी पेरं, जाडी. मग हवा थंड-कोरडी झाली की वाढ मंदावते, पानांचं काम मात्र चालूच राहतं. खर्च थांबला आणि मिळकत चालू राहिली की शिल्लक साठते, तशी खोडात साखर साठते. त्यासाठीच तोडीच्या काही आठवडे आधी पाणी बंद करतात.

मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे तिथलं वेळापत्रक आपल्याला उलटं वाटतं. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पाऊस, तेव्हा वाढ. जून ते सप्टेंबर हिवाळा, तेव्हा पिकणं. तोड जूनमध्ये सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालते. क्रिओल भाषेत या हंगामाला 'लाकुप' म्हणतात, सरळ अर्थ 'तोड'. गावात कुणाचं लग्न किंवा घराचं काम कधी झालं हे सांगतानाही 'लाकुपच्या आधी', 'लाकुपनंतर' असं ऐकू येतं.

बेट लहान, लांबी पासष्ट किलोमीटरच्या आसपास, पण पाऊस सगळीकडे सारखा नाही. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला ९०० मिलिमीटर पडतो, तर मधल्या पठारावर काही ठिकाणी ४००० पर्यंत. अर्ध्या-पाऊण तासाच्या मोटारप्रवासात एका टोकाला ठिबक लावलेलं कोरडं रान आणि दुसऱ्या टोकाला कायम ओलं, ढगाळ रान. एकच जात दोन्हीकडे चालणार कशी? म्हणून १९५३ साली रेद्वी इथे ऊस संशोधन संस्था उभी राहिली. एका नव्या जातीला, संकरापासून शेतकऱ्याच्या हातात जाईपर्यंत, बारा-पंधरा वर्षं सहज लागतात. जातींची नावं मात्र एकदम हिशेबी असतात. 'एम १३४/३२' ही एकेकाळी बेटभर पसरलेली जात. एम म्हणजे मॉरिशस, आणि शेवटचे ३२ म्हणजे १९३२ साल.

लावण एकदा केली की पीक एकदाच घ्यायचं असं नाही. तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात, तो खोडवा. मॉरिशसमध्ये सहा-सात खोडवे घेणं सर्रास चालतं. दरवर्षी उत्पादन थोडं थोडं उतरतं, आणि एक दिवस सगळं काढून नवी लावण करावी लागते. लावणीचा खर्च मोठा असतो. लेखाच्या शेवटी मी पुन्हा इथे येणार आहे.

शेतातल्या एका गोष्टीवर नजर अडकतेच: दगड. हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, मातीपेक्षा काळा बेसॉल्टच जास्त. उसाच्या मधोमध घराएवढे दगडांचे ढिगारे दिसतात, आणि दक्षिणेला प्लेन मान्यँच्या बाजूला तर ते पायऱ्यापायऱ्यांनी नीट रचलेले, पिरॅमिडसारखे. त्यातला एकेक दगड कुणीतरी हाताने उचलून तिथे ठेवलेला आहे. आधी गुलामांनी, नंतर गिरमिटियांनी, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांनी.

हा इतिहास टाळून बेटावरचा ऊस समजत नाही. ऊस इथला नाहीच. डचांनी १६३९ मध्ये तो जावाहून आणला. फ्रेंचांच्या काळात गव्हर्नर माए द ला बुर्दोने याने अठराव्या शतकात साखरेला खरी चालना दिली. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांनी जिंकलं, आणि १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरचं आयातशुल्क वेस्ट इंडीजच्या साखरेइतकं खाली आणलं. तिथून ऊस डोंगरउतारांवरही चढला. दहा वर्षांनी, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, गुलामगिरी रद्द झाली. मग तोड करणार कोण? मळेवाल्यांनी उत्तर आधीच शोधून ठेवलं होतं. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून करारावरचे छत्तीस मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली, त्यांतली काही मुंबई बंदरातून, कोकणातून आणि घाटावरून. ती जिथे उतरत त्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या अजून आहेत. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, तिचा धागाही या पायऱ्यांशी जुळतो. पायऱ्या चढायला अर्धं मिनिटही लागत नाही. मला त्यावर काही सुचलं नाही, म्हणून पुढे जातो.

आता साखर वाटेत कुठे कुठे सांडते ते पाहू. पहिली मोठी गळती वाऱ्याची. चक्रीवादळात ऊस सहसा मरत नाही. तो लोळतो, शेंडे मोडतात, पानांच्या चिंध्या होतात. मोडलेल्या शेंड्याखालचे डोळे (कोंब) फुटतात आणि त्या फुटव्यांना वाढवायला ऊस खोडातलीच साखर काढून देतो. वजन घटतं आणि गोडीही घटते. १९६० मध्ये कॅरोल वादळ आलं, तेव्हा आदल्या वर्षीची पावणेसहा लाख टनांवरची साखर अडीच लाखांच्याही खाली गेली. तरीही बेटाने ऊस सोडला नाही, कारण वादळानंतर बुडख्यातून पुन्हा उठणारं दुसरं नगदी पीक तिथे सापडलं नाही. चहा, तंबाखू, धाग्यासाठी घायपात, सगळं करून झालं. त्यापेक्षा त्यांनी वादळाचा विमा काढला: १९४० च्या दशकापासून बेटावर ऊसकऱ्यांचा स्वतंत्र विमानिधी आहे, वादळ आणि अवर्षण दोन्हींसाठी.

दुसरी गळती वेळेची, आणि ती दिसत नाही म्हणून जास्त वाईट. ऊस तोडला त्या क्षणापासून साखर फुटायला लागते. सुक्रोजचा एक रेणू तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. जिभेला फरक कळणार नाही, पण ही फुटलेली साखर स्फटिक धरत नाही, म्हणजे कारखान्याच्या दृष्टीने ती गेलीच. वर कापलेल्या तोंडांतून जिवाणू शिरतात आणि साखर खाऊन बुळबुळीत डेक्स्ट्रान तयार करतात. त्याने रस चिकट होतो आणि पुढची सगळी यंत्रणा रेंगाळते. यंत्राने तोडलेल्या उसाचे वीतभर तुकडे होतात, म्हणजे कापलेली तोंडं कितीतरी जास्त, म्हणजे घाईही जास्त. तोड ते गाळप चोवीस तासांच्या आत, हा तिथला नियम.

हा एक नियम धरला की बेटाचा नकाशा उलगडतो. बैलगाडीच्या काळात चोवीस तासांत पोचायचं तर कारखाना जवळच हवा. म्हणून १८५८ च्या सुमारास एवढ्याशा बेटावर अडीचशेहून जास्त कारखाने होते. रस्ते सुधारले, ट्रक आले, आणि संख्या घसरत गेली. आज तीन उरले आहेत: उत्तरेला बेल व्ह्यू, पूर्वेला युनियन फ्लाक, दक्षिणेला ला बाराक. बाकीच्यांच्या दगडी चिमण्या मात्र उसात, शाळांच्या मागे, हॉटेलांच्या आवारात अजून उभ्या आहेत. बो प्लाँचा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. आता तिथे साखरेचं संग्रहालय आहे, आणि यंत्रं थंड असताना जवळून बघायची तर तेच ठिकाण बरं.

चालू कारखान्यात मात्र पहिल्यांदा भेटतो तो मळीचा वास. गोड, जळकट, थोडा आंबूस. दोन दिवस कपड्यांतून जात नाही.

ट्रक काट्यावर येतो. वजन होतं, आणि मग वरून एक पोकळ पोलादी नळा उसाच्या ढिगात खुपसून नमुना काढतात. पेढी चालवणारा दलाल धान्याचा नमुना काढायला पोत्यात बंबू घालतो ना, तोच प्रकार, फक्त राक्षसी आकाराचा. हा नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि सगळं पैशाचं गणित या नळ्यावर ठरतं. कारण इथे ऊसकऱ्याला उसाच्या वजनावर पैसे मिळत नाहीत. त्याच्या उसातून किती साखर निघू शकते ते नमुन्यावरून ठरवतात, आणि त्या साखरेतले ७८ टक्के ऊसकऱ्याचे, २२ टक्के कारखान्याचे. म्हणजे साखर विकली जाईपर्यंत ती बहुतांशी त्याच्याच मालकीची. कच्चा ऊस, पाचट, माती घालून वजन वाढवण्यात काही हशील नाही. उलट उतारा, म्हणजे उसामागे निघणारी साखर, कमी पडतो. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटली, पण एका अटीवर: नमुन्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास हवा. तो राहावा म्हणून तिथे सरकारी यंत्रणा मध्ये उभी असते.

काट्यावरून ऊस गव्हाणीत पडतो. फिरते सुरे आणि हातोडे त्याचा भुगा करतात. रस ज्या पेशींत असतो त्या फोडायच्या असतात, नुसतं दाबून भागत नाही. मग एकामागे एक चार-पाच गिरण्या. शेवटच्या गिरणीआधी भुशावर गरम पाणी सोडतात आणि तो पातळ रस मागच्या गिरणीवर फिरवतात. धुणं पिळताना पुन्हा पाणी घालून पिळावं तसं. एवढं करूनही भुशात थोडी साखर राहतेच.

आकडे ढोबळ सांगतो. शंभर किलो उसात सत्तरेक किलो पाणी, चौदाच्या आसपास तंतू, तेरा-चौदा किलो साखर, बाकी किरकोळ. पोत्यात शेवटी जातात दहा-अकरा किलो. उरलेली अडीच-तीन किलो कुठे जाते? थोडी चिपाडात, थोडी गाळाच्या चोथ्यात, थोडी उष्णतेने फुटून, आणि सगळ्यात जास्त मळीत.

गिरणीतून निघणारा रस हिरवट-करडा, गढूळ असतो. त्यात चुना घालून उकळीला आणतात. चुन्याने आंबटपणा मरतो (आंबट रसात साखर फुटते) आणि घाण गोळा होऊन तळाशी बसते. वरचा निवळलेला रस चहाच्या रंगाचा. त्यातलं बरंचसं पाणी आता उडवायचं, आणि इथे सगळ्या कारखान्यातली मला सर्वात आवडलेली युक्ती आहे.

पूर्वी उघड्या कढया ओळीने मांडून, खाली जाळ घालून, लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून दुसरीत टाकत. हे काम गुलामांचं. भाजणं नेहमीचं, आणि साखरही करपे. १८०६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जन्मलेला नॉर्बर्ट रिलियू, जन्माने स्वतंत्र पण आई कृष्णवर्णीय, पॅरिसमध्ये शिकून आला आणि १८४३ मध्ये त्याने एका यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना अशी: रस बंद भांड्यात उकळा. त्यातून निघालेली वाफ सोडून देऊ नका, ती पुढच्या भांड्याला तापवायला वापरा. पण तिची उष्णता कमी. मग पुढच्या भांड्यातला हवेचा दाब कमी करा, म्हणजे तिथला रस कमी उष्णतेवरच उकळेल. त्याची वाफ तिसऱ्याला. एकदा पेटवलेल्या जाळाने तीन-चार वेळा काम. शेवटच्या भांड्यात रस साठ अंशांच्या आतबाहेर उकळतो, त्यामुळे करपण्याचाही प्रश्न मिटतो. आज दुधाची पावडर करणारेही हीच युक्ती वापरतात.

पुढचा टप्पा पॅन. मधासारखा झालेला पाक निर्वात पॅनमध्ये आणखी आटवायचा आणि नेमक्या क्षणी त्यात साखरेची बारीक पूड बीज म्हणून सोडायची. त्या कणांवर साखर चढत जाते आणि दाणा मोठा होतो. घाई केली तर नको तिथे नवे बारीक दाणे धरतात आणि माल बिघडतो. सगळं संगणकावर दिसत असतानाही पॅनमन दर थोड्या वेळाने एका पितळी दांडीने थेंब बाहेर काढून काचपट्टीवर पसरत होता आणि दिव्यासमोर धरून बघत होता. मीही पाहिलं. मला चिकट तपकिरी डाग दिसला. त्याने बोटाने पट्टी किंचित तिरपी केली, आणि त्या डागात एकाच मापाचे शेकडो चौकोनी कण लखलखले. "आता दहा मिनिटं," तो म्हणाला आणि पट्टी पुसली.

दाणे आणि पाक यांचं ते दाट मिश्रण मग गरगर फिरणाऱ्या जाळीच्या पिंपात जातं, कपडे सुकवण्याच्या यंत्रासारखं. पाक बाहेर फेकला जातो, दाणे जाळीला चिकटून राहतात. फेकलेल्या पाकात साखर असतेच, म्हणून तो पुन्हा पॅनमध्ये, असं दोनदा. तिसऱ्या वेळी जे उरतं त्यातून साखर काढणं परवडत नाही; ती मळी. त्यातून रम आणि इथेनॉल.

चिपाडाची गोष्ट वेगळी. शंभर किलो उसामागे तीसेक किलो ओलं चिपाड निघतं, आणि ते बॉयलरमध्ये जळून कारखाना चालवतं. मॉरिशसने त्याच्या पुढे जाऊन जास्त दाबाचे बॉयलर बसवले आणि शिल्लक वीज देशाला विकली. देशातल्या विजेचा साधारण दहावा हिस्सा चिपाडाचा. इथे एक पदर मात्र पाहुण्यांना आपणहून दाखवत नाहीत. ऊस सहा महिनेच असतो. उरलेल्या काळात त्यातल्या काही बॉयलरांत कोळसा जळतो, तोही आयात केलेला. २०३० पर्यंत कोळसा बंद करायचं सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं, पण चिपाड वाढवायला ऊस लागतो, आणि ऊस घटतो आहे.

तो का घटतो? शेवटची गळती भावाची. १९७५ च्या लोमे करारातल्या साखर-कलमानुसार युरोप मॉरिशसची ठरावीक साखर, पाच लाख टनांच्या आसपास, दरवर्षी ठरलेल्या भावाने घेई, आणि तो भाव जागतिक बाजाराच्या कधी दुप्पट, कधी तिप्पट असे. बेटाच्या शाळा, दवाखाने, कापडगिरण्या या पैशावर उभ्या राहिल्या. २००६ पासून युरोपने तो भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कापला, २००९ मध्ये कलमच संपलं, आणि २०१७ मध्ये युरोपातल्या बीट-साखरेवरचं बंधनही उठलं. २०१८ च्या हंगामात ऊसकऱ्याला टनभर साखरेला नऊ हजार मॉरिशियन रुपयेही मिळाले नाहीत. २०२२ मध्ये तोच भाव पंचवीस हजारांवर गेला. एवढासा देश जगाच्या साखरेत चिमूटभरही नाही. भाव त्याच्या हातात येणं शक्यच नाही.

मग हातात काय? पाक पूर्ण धुऊन न काढता दाण्यावर मळीचा पापुद्रा मुद्दाम राखायचा. दमट, काळपट मस्कोवादो. मोठ्या दाण्याची सोनेरी डेमेरारा. बाजारातल्या कित्येक तपकिरी साखरा म्हणजे पांढऱ्या साखरेवर मळी मारलेल्या असतात. इथली साखर पांढरी होण्याआधीच थांबवलेली असते. दाणा तळहातावर चोळला तर बोटं चिकट होतात आणि काकवीचा वास येतो. जगभर जी मळी काढायला कारखाने खटपट करतात, तीच मॉरिशस जादा भावाने विकतो.

तरी १९७३ मध्ये सात लाख टनांवर गेलेलं उत्पादन आज अडीच लाखांच्या आसपास आहे. परतताना त्या पहिल्या मळ्यावरून गेलो. नळीवाला अधिकारी आता शेजारच्या, एका छोट्या ऊसकऱ्याच्या रानाकडे बोट दाखवत होता. सातवा खोडवा तुटून गेलेला. आता नवी लावण करायची, म्हणजे दगड काढायचे, बेणं आणायचं, आणि ते पैसे पुढच्या सात-आठ हंगामांत फिटायचे. यंदाचा भाव बरा आहे. सात वर्षांनंतरचा कोण सांगणार? त्या ऊसकऱ्याचा मुलगा पोर्ट लुईला बँकेत आहे. पलीकडच्या रानात दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न होता. तिथे आता पुरुषभर गवत आहे, आणि मधोमध तो दगडांचा ढिगारा.